आपल्या काठाची पातळी

दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात असतात, अंगणातल्या रांगोळीचा रंग पुसट होत आलेला असतो, आणि भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या शिवारात हलके धान कापणीला येऊन उभे असते, अनेकदा नेमक्या त्याच दिवसांत ऑक्टोबरची 30 तारीख येते. कॅलेंडरच्या चौकोनात तिला लाल अक्षर नाही, तिच्यासाठी कोणी दाराला तोरण बांधत नाही; पण बचत दिन म्हणून ती आपल्या देशात पाळली जाते. 1924 साली इटलीतल्या मिलान शहरात बचत बँकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या अखेरच्या दिवसाची, म्हणजे 31 ऑक्टोबरची, आठवण म्हणून जगात हा दिवस सुरू झाला. आपल्याकडे 31 तारीख इंदिरा गांधींच्या स्मृतीची, म्हणून बचतीचा दिवस आदल्या दिवशी आला. तारीख दूरदेशीची असली तरी तिची वेळ मात्र आपल्या मातीला शोभणारी आहे, कारण वर्षभराच्या घामाचे मोजमाप धानपट्ट्यातला माणूस याच दिवसांत करत आला आहे.

कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत पडतात, मग भारे बांधले जातात, पुंजणे रचले जाते, आणि चुरणे झाले की खळ्यावर सोनेरी रास उभी राहते. त्या राशीपुढे उभे राहून वडीलधारी मंडळी काय करतात, ते एकदा डोळे भरून पाहण्यासारखे असते. विक्रीची गोष्ट अजून निघालेली नसते. आधी बियाण्याचे धान बाजूला निघते. दाणा तळहातावर घेऊन, फुंकर मारून, दाताखाली चावून पाहून ते निवडले जाते. मग वर्षाच्या खाण्याचे धान ढोलीत जाते. मग गावातल्या देवाचे आणि ज्यांच्या हातांनी रोवणी-कापणी झाली त्यांच्या वाट्याचे. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी आणि घरची हौस या गोष्टींचा विचार उरलेल्या राशीवरून होतो. हा क्रम कोणी शाळेत शिकवला नाही. तो सासूने सुनेला आणि बापाने लेकाला, काही न बोलता, फक्त करून दाखवून दिला. काटकसर म्हणजे पोटाला चिमटा, असे आज आपल्याला वाटू लागले आहे, तेव्हा हा क्रम मुद्दाम आठवावा. इथे पोटाचे आधी ठेवले जाते, पुढच्या पावसाळ्याचेही ठेवले जाते, आणि मगच हौसेला वाट मिळते. हौस नाकारलेली नाही. तिची जागा तेवढी ठरवून दिलेली आहे.

आणि हौसेचे दिवसही हेच. भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या. दिवसा दंडार आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे-धायरे मुक्कामाला उतरतात, शिंगाडे आणि उसाची दुकाने लागतात, आणि ज्या घरात उपवर मुलगा किंवा मुलगी आहे तिथे बोलता बोलता सोयरिकीची गोष्ट निघते. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने लावायला मोकळीक, ही आपली जुनी रीत. पण त्या लग्नांचे धागे बहुधा मंडईच्या गर्दीतच जुळलेले असतात. आपल्या भागाचे हे वैभव आहे. पैशाने गरीब समजला जाणारा मुलूख माणसांच्या येण्याजाण्याने किती श्रीमंत असतो, ते कार्तिकात वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दिसते.

पण याच गर्दीत दुसरेही काही घडते. पाहुणा येतो तो नव्या गाडीवरून. साळ्याने घर बांधले, त्याला टाइल्स लागल्या. मावसभावाच्या मुलीच्या साक्षगंधाला एवढी माणसे जेवली, वरातीत असा डीजे होता, फोटो काढायला मुलगा-मुलगी नागपूरपर्यंत गेली. ऐकणारा हसतो, कौतुक करतो, ते कौतुक खरेही असते. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मनात एक बारीकसा काटा सलू लागतो. सकाळपर्यंत पुरेसे वाटणारे आपले घर अचानक तोकडे वाटते. घरातून काहीही गेलेले नसते, रास तेवढीच असते, ढोली तेवढीच भरलेली असते. फक्त तिच्याकडे पाहणारी नजर बदललेली असते. कर्जाचा कागद सही होण्याच्या कितीतरी आधी, अशा एखाद्या रात्री, कर्जाची सुरुवात झालेली असते.

कारध्याच्या माणसाला मोजमापाची गोष्ट नव्याने सांगायला नको. भंडारा शहर आणि कारधा यांच्यामधून वैनगंगा वाहते, तिच्यावर जुना ब्रिटिशकालीन लहान पूल आहे, आणि पावसाळ्यात अख्खा जिल्हा कारध्याचे नाव घेतो ते इथल्या पाणीपातळीसाठी. इथली धोक्याची पातळी 245.50 मीटर. आकडा तिथे पोचला की काठावरची माणसे सामान हलवू लागतात. नदी तीच, तिचे पाणी शिवनी जिल्ह्यातून येते ते पुढे पवनीकडे जाते, पण प्रत्येक ठिकाणी धोक्याचा आकडा वेगळा असतो, कारण प्रत्येक काठाची उंची वेगळी. कारध्याच्या काठावर राहून दुसऱ्या गावाच्या आकड्यावर विसंबले तर घर वाहून जाईल. आपल्या संसाराचाही असाच एक आकडा असतो. घरात कमावणारे किती, जमीन ओलिताची की कोरडवाहू, शिकणारी मुले किती, औषधावर असलेले म्हातारे किती, यावरून तो ठरतो, आणि तो ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. शेजाऱ्याचा काठ उंच असेल. त्याच्या मुलाला कारखान्यात पगाराची नोकरी असेल, त्याची पाच एकर ओलिताखाली असेल. त्याच्या आकड्याने आपले पाणी मोजायला आपण कधीपासून शिकलो, हा प्रश्न या दिवसांत स्वतःला विचारावा.

पूर्वी तुलना नव्हती असे म्हणणे खरे होणार नाही. माणूस आहे तिथे शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी नजर आहेच. पण त्या नजरेला मर्यादा होती. ज्याच्याशी आपण स्वतःला ताडून पाहत होतो तो आपल्याच बांधाला लागून शेती करत होता. त्याच्या घरचे लुगडे दिसायचे तशी त्याच्या घरची आजारपणे आणि त्याच्या डोक्यावरची उधारीही दिसायची. आज हातातल्या मोबाईलवर पुण्याची लग्ने, मुंबईची घरे आणि परदेशातल्या सहली उतरतात, आणि उतरतात त्या फक्त सणाच्या कपड्यात. त्या चित्रांमागचे हप्ते दिसत नाहीत, नवरा-बायकोची रात्रीची चिंता दिसत नाही. आपण आपला अख्खा संसार, त्यातल्या फाटक्या-तुटक्यासकट, दुसऱ्याच्या एका सजवलेल्या क्षणाशेजारी ठेवतो आणि खिन्न होतो. त्यात पुन्हा हप्त्याची सोय दारापर्यंत आलेली. पूर्वी वस्तू घ्यायची तर पैसे साठेपर्यंत थांबावे लागे, आणि थांबण्याच्या त्या काळात निम्म्या इच्छा आपोआप मावळत. आता थांबणेच उरले नाही.

वैनगंगेच्या काठाला या बाबतीत एक मोठा आणि दुखरा अनुभव आहे. 22 एप्रिल 1988 रोजी गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. धरण पवनी तालुक्यात, पण त्याचे फुगवट्याचे पाणी वर भंडाऱ्यापर्यंत पसरले आणि काठावरच्या कितीतरी गावांना आपले शिवार, आपली घरे, आपले देव सोडून नव्या वसाहतीत जावे लागले. जमिनीचा मोबदला हाती आला तो पैशात. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीने दरवर्षी थोडे थोडे दिले होते. बियाण्यापुरते, खाण्यापुरते, लग्नकार्यापुरते. ती जमीन एका दिवशी पासबुकातला आकडा झाली. त्या आकड्यातून घरे उभी राहिली, मुलींची लग्ने झाली, दुचाकी आल्या, आणि जिथे जमिनीला पर्यायी जमीन किंवा कायमचे काम मिळाले नाही तिथे आकडा ओसरत गेला. लोकांनी उधळपट्टी केली, असा निवाडा शहरात बसून करणे सोपे आहे. आपण तो करू नये. राशीपुढे उभे राहून कशात काय आधी, हे ज्यांना पक्के ठाऊक होते त्याच माणसांच्या हाती असे धन आले, ज्याचा क्रम त्यांना कोणी करून दाखवला नव्हता. ढोलीतले धान किती उरले ते डोळ्याला दिसते, हाताला लागते. पासबुकातले दिसत नाही. आणि नव्या वसाहतीत सगळ्यांच्या हाती एकाच वेळी रक्कम आलेली, त्यामुळे एकाच्या अंगणात गाडी आली की दुसऱ्याला आपले अंगण रिकामे भासायचे. मोबदला वाटणाऱ्या शासनाने त्या रकमेसोबत मार्गदर्शन आणि रोजगार वेळेवर दिला असता तर त्यातले पुष्कळ धन टिकले असते, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही ठामपणे मांडतो.

इथे आणखी एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बचतीच्या उपदेशात ती नेहमी निसटते. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नात आणि सणावारात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, असा समज तेव्हा सर्वत्र होता. आयोगाने मात्र आपल्या अहवालात नोंदवले की या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. दीडशे वर्षे झाली, तरी ती नोंद जुनी झालेली नाही. रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला, नदीच्या मासळीवर पोट असलेल्या ढिवर कुटुंबाला, एका दवाखान्याच्या बिलाने मोडून पडणाऱ्या घराला काटकसर शिकवायला जाणे हा अपमान आहे. ती त्यांच्या रोजच्या जगण्यात आधीच आहे. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातून पाण्याचे लोट आले आणि वैनगंगेने भंडारा, कारधा आणि काठावरची गावे वेढली, तेव्हा ज्यांचे घर पडले आणि बांधी गाळाने भरली त्यांना कर्ज काढावे लागले ते हौसेसाठी नव्हे. म्हणून बचत दिनाचे बोल कोणाला ऐकवायचे, हे आधी ठरवावे लागते.

ज्यांना ऐकवायची गरज नाही त्यांच्याकडून उलट पुष्कळ शिकण्यासारखे आहे. बचत गटाची बैठक आपल्यापैकी अनेकांनी ओसरीवर बसलेल्या बायांना ओलांडून जाताना पाहिली असेल, थांबून क्वचितच. सतरंजी अंथरलेली, मधोमध पत्र्याची पेटी, एकीच्या मांडीवर रजिस्टर. हजेरी होते, मग एकेक बाई पदराची गाठ सोडून आपली रक्कम ठेवते. रक्कम सगळ्यांची सारखी, आणि ही बारीकशी अट फार मोलाची आहे. सहा एकरवालीची आणि भूमिहीन बाईची बचत एकाच ओळीत, एकाच आकड्याने लिहिली जाते, त्यामुळे त्या सतरंजीवर कोणी कोणाहून मोठी राहत नाही. मग कर्जाची मागणी येते. कोणाला पोराची फी, कोणाला शेळी, कोणाला नवऱ्याच्या ऑपरेशनला. मागणी सगळ्यांसमोर सांगावी लागते आणि निर्णयही सगळ्यांसमोर होतो. गरज आधी कोणाची, यावर तिथे जी चर्चा होते ती आपल्या पुष्कळ घरांत होत नाही. नाबार्डने 1992 साली असे गट बँकांना जोडायला सुरुवात केली, पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि उमेद अभियानामुळे ते गावोगाव पसरले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांचे खरे बळ कागदावर नाही. उघडपणे गरज सांगता येणे आणि ती ऐकून कोणी हसणार नाही याची खात्री असणे, हे ते बळ आहे. जिथे आपली अडचण लपवावी लागत नाही तिथे थाट दाखवण्याचेही कारण उरत नाही. अलीकडे त्याच ओसरीवर मायक्रोफायनान्सचे हप्ते गोळा होऊ लागले आहेत, आणि एका बाईच्या नावावर चार ठिकाणची कर्जे असणे नवलाचे राहिलेले नाही. सतरंजी तीच असली तरी तो व्यवहार वेगळा आहे, हे आपल्या बायांना वेळीच कळणे फार अगत्याचे आहे.

मग बोल कोणाला ऐकवायचे? ज्याला परवडते त्याला. गावात लग्नाची पातळी गरीब माणूस ठरवत नाही. ती ठरवतो बागायतदार, ठेकेदार, पगारदार, पुढारी; किती माणसे जेवली, किती पदार्थ होते, वरात किती वेळ चालली, हे त्याच्या मांडवात ठरते आणि बाकीचे गाव त्या खुणेपर्यंत हात पोचवायला टाचा उंचावत राहते. त्याच्यासाठी तो एका हंगामाचा खर्च असतो. त्याच्याकडे पाहून तसेच करणाऱ्यासाठी ती विकलेली बांधी असते. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाची हमी किंमत क्विंटलला 2369 रुपये होती. एका रात्रीच्या डीजेला आणि रोषणाईला आपण जे मोजतो, त्यात धानाचे किती कट्टे जातात, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या ओसरीवर बसून करावा. म्हणून साधेपणाची जबाबदारी आधी सुस्थितीतल्या माणसावर येते. त्याने हात आखडता घेतला तर गाव त्याला कंजूष म्हणत नाही. उलट अनेक बापांच्या छातीवरचा दगड त्याने उचललेला असतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीन महिन्यांनी, 25 डिसेंबरला, पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजीविना, हुंड्याविना, अगदी थोडक्या खर्चात, आणि त्यामागे सावित्रीबाईंचा पुढाकार होता. आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1955 च्या ग्रामगीतेत गरिबी-श्रीमंती, श्रमसंपत्ती आणि वैवाहिक जीवन यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. 11 ऑक्टोबर 1968 ला त्यांनी देह ठेवला. त्यांची पुण्यतिथी गावोगावी पाळली जाते ती याच दिवसांत, दिवाळीच्या अलीकडे, आणि संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुदेवभक्त हातातले काम थांबवून मौन धरून उभे राहतात. व्यसनमुक्तीचा मार्ग दाखवणाऱ्या बाबा जुमदेवजींच्या सेवकांनी, म्हणजे अनुयायांनी, दारू सोडली आणि त्यातून भंडारा-नागपूरकडची कितीतरी घरे सावरली, हे तर आपल्या डोळ्यांसमोर घडले. समाजा-समाजांचे सामूहिक विवाह मेळावे आपल्या जिल्ह्यात होतात, एका मांडवात अनेक जोडप्यांवर अक्षता पडतात. 2025 साली पुणे परिसरात एका सुनेच्या मृत्यूने आणि त्यामागच्या हुंड्याच्या छळाच्या आरोपांनी महाराष्ट्र हळहळला, तेव्हा मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली: पाहुण्यांवर मर्यादा, डीजेला नकार, प्री-वेडिंग फोटोशूटला नकार. चांगले झाले. एकच खंत राहते, की सामूहिक मेळाव्यात मुले-मुली दिसतात ती बहुधा गरिबांचीच. ज्या दिवशी त्या मांडवात आयोजकाचा स्वतःचा मुलगा बाशिंग बांधून रांगेत उभा राहील, त्या दिवशी त्या मांडवाची प्रतिष्ठा वाढेल आणि तिथे लग्न लावणे ही लाचारी राहणार नाही.

समाधान पैशाने मिळत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धेच खरे आहे. घरात वर्षाचे धान आहे, मुलांची फी भरलेली आहे, दुखण्याखुपण्याला चार पैसे बाजूला आहेत, दाराशी वसुलीवाला येत नाही, यातून मिळणारी झोप हे समाधानच आहे, आणि त्याला पैसा लागतो. पण किती लागतो, हे आतून ठरवावे लागते. ‘पुरे’ हा शब्द ज्या घरात मोकळेपणाने उच्चारला जातो, त्या घरातली मुले मागत नाहीत असे नाही. पण नाही म्हटले तर मोडत नाहीत. आपल्या आजीने एका साडीवर चार लग्ने काढली, हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर लाज नसायची. ती साडी घडी घालून पेटीत ठेवतानाची तिची निगुती ज्यांनी पाहिली, त्यांना काटकसरीत किती माया असते ते कळले. वस्तूला जपणे हे त्या वस्तूमागच्या श्रमाला जपणे होते, आणि ते श्रम बहुधा आपल्याच घरातल्या कोणाचे तरी असत.

मंडईचे दिवस अजून सरायचे आहेत. ओसरीवर पाहुणे बसतील, चहाचे कप येतील, आणि दोन्हीकडची वडीलधारी माणसे घसा खाकरून सोयरिकीच्या गोष्टीला हात घालतील. मुलीचा बाप अशा वेळी काही मागू शकत नाही. थोडक्यात करू म्हटले तर आपली ऐपत उघडी पडेल, म्हणून तो जमेल त्याहून दोन पावले पुढचे कबूल करतो. तेव्हा बोलायचे ते मुलाकडच्यांनी. आम्हाला वरात नको, डीजे नको, आंदण नको, शंभर माणसांत लग्न लावू आणि दोन्ही घरे मिळून खर्च करू, एवढे वाक्य मुलाच्या बापाने, किंवा त्याहून चांगले म्हणजे मुलाने स्वतः, सुपारी फुटायच्या आधी आणि सगळ्यांच्या देखत बोलावे.